चार कोर आणि मागे राहणारी अक्षरं

ताई टाइप करायची थांबली तरी पडद्यावर अक्षरं उमटत राहायची. हे तिनं सांगितलेलं. मी स्वतः दारातून पाहिलं ते एवढंच: तिची बोटं कीबोर्डवरून उचलली जायची, हात मांडीवर यायचे आणि ती समोर बघत बसायची. मागे राहिलेले शब्द येऊन पोचले की त्यात गळालेलं अक्षर शोधायची, ते घालायची, कानांवरचा हेडफोन सारखा करायची आणि पुन्हा बोटं ठेवायची. दारातून पडद्याची कड दिसत होती. पडदा दिसत नव्हता. या तपशिलाला पुढे महत्त्व आलं.

तो बुधवार होता. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत तिला सात रेकॉर्डिंग टाइप करून पाठवायची होती.

ताई माझी मोठी बहीण. आसेगावकडच्या एका खासगी शाळेत ती मराठी शिकवायची. मुलं कमी होत गेली, शाळा बंद झाली आणि ती वाशीमला आमच्याकडे राहायला आली. घरात आई, ताई आणि मी. दीड वर्ष ती काम शोधत होती. मग पुण्याच्या एका कंपनीचं कळलं. लोकांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून जसंच्या तसं टाइप करायचं, असं त्यांचं काम. वऱ्हाडातली काही रेकॉर्डिंग त्यांच्याकडे पडून होती, कारण तिथल्या टायपिस्टांना ती कळत नव्हती. ताईला कळत होती. सात रेकॉर्डिंगची परीक्षा ठरली. सातही वेळेत आली आणि चुका मर्यादेत असल्या तर घरबसल्या कायमचं काम. नाही तर नाही.

बुधवारी सकाळपर्यंत तिचं पहिलंही पूर्ण झालं नव्हतं.

"माह्या बोटांत खोट नाई," ती म्हणाली. "शाळेतले सगळे पेपर मीच टाइप करत होती. हा डबाच मागं राह्यते. याच्यासाठी आता हळू बोटं चालवू काय?"

"चालव," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी नाई का तुह्या बापासंग चालली जलमभर."

डबा म्हणजे आमचा जुना संगणक. त्याच्या अंगावरची चकती घासली गेली होती, तरी दोन कोरचा आहे एवढं वाचता येत होतं. प्रोसेसर ही संगणकाची मुख्य चिप, आणि कोर म्हणजे त्या चिपमधला काम करणारा एक गडी. आपल्याकडे दोन गडी आहेत आणि ते पुरत नाहीत, असा अर्थ मी लावला. चार हवेत.

अकोल्याच्या एका वृत्तपत्रात मी बारा वर्षं डेस्कवर होतो. बाहेरून आलेली बातमी तपासायची, दोन ठिकाणांहून खातरजमा करायची, मग पानावर घ्यायची, हे तिथलं काम. आता घरून बातम्या पाठवतो, पण ती सवय गेलेली नाही. खरेदीही तशीच करायची ठरवली.

पहिलं ठिकाण दुकान. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुने संगणक दुरुस्त करून विकणारा एक दुकानदार आहे. त्याच्याकडे आमच्या बेताला बसतील असे दोन होते. एक दोन कोरचा, कुठल्यातरी ऑफिसातून आलेला, उंच आणि काळा. दुसरा चार कोरचा, जेवणाच्या डब्याएवढा. मेमरी दोघांत सारखी.

"भाऊ, दोन कोर आता कोन घेते?" दुकानदार म्हणाला. "हा मोठा तं जागा अडवून बसला माह्या दुकानात. चारचा न्या अन् चार-पाच वर्सं फिकर सोडा. नाई जमला तं तीन दिवसांत बदलून देतो."

दुसरं ठिकाण आमच्या वृत्तपत्रातले संगणक सांभाळणारे जुने ऑपरेटर. बंद पडलेला कुठलाही संगणक त्यांनी डेडलाइनच्या आत उभा केलेला मी पाहिला होता. त्यांना दुकानासमोरूनच फोन लावला.

"मले कोर नको सांगू," ते म्हणाले. "काम सांग. तुह्या बहिणीच्या पडद्यावर एका टायमाले किती खिडक्या उघड्या असतात?"

"तीन," मी म्हणालो. ऐकणं एक, टाइप करणं दोन, इंटरनेट तीन.

"तीन येगयेगळी कामं असतील तं चार कोर बरे. सगळे हात कामाले लागतात. पन एकच काम असलं तं एकच कोर राबते, बाकीचे बसून राह्यतात. मंग कोर मोजून फायदा नाई. एका कोरचा वेग किती अन् चिप कितीक जुनी, थे पाह्य."

हे सगळं मी टिपून घेतलं. वही अजून आहे. त्या पानावर 'तीन' हा आकडा दोनदा अधोरेखित केलेला आहे. वेगाबद्दल ते जे म्हणाले तेही खाली लिहिलेलं आहे, त्याखाली रेघ नाही.

गुरुवारी सकाळी चार कोरचा डबा ऑटोनं घरी आणला. ताई हेडफोन लावून जुन्या संगणकावर दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये होती. तिला विचारायला थांबलो नाही. खांद्यावर हात ठेवून उठवलं, तारा काढल्या, नव्याला लावल्या. तासाभरात तो सुरू झाला. पंख्याचा आवाज नाही, अंग गरम होत नाही, टेबलाचा अर्धा भाग मोकळा झालेला. आई येऊन बघून गेली आणि म्हणाली, छान आहे, वर एखादी कुंडी ठेवता येईल.

मी बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. आतून कीबोर्डचा आवाज येत होता. मग तो थांबला. मी उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. आवाज सुरू झाला. पुन्हा थांबला. थांबण्याचा वेळ मनात मोजू लागलो: सहा, सात, आठ. पाणी प्यायलो. तहान नव्हती. एकदा थांबणं अकरापर्यंत गेलं. मोबाइलवर बातम्या उघडल्या आणि एकच मथळा तीनदा वाचला. तेवढ्यात आतून ताईची हाक आली.

"इकडं ये जरा. बस अठी."

तिच्या मागे एक स्टूल होतं. त्यावर बसलो आणि ती ज्या पडद्यासमोर रोज बसते तो पडदा पहिल्यांदा नीट पाहिला. एकच खिडकी उघडी होती. कंपनीचं पान. वर आवाजाची वेडीवाकडी रेघ सरकत होती, खाली लिहायची चौकट, उजवीकडे टाइप झालेला प्रत्येक शब्द तपासून रंग देणारी पट्टी. ऐकणं, लिहिणं, तपासणं, सगळं त्या एका पानात. तिनं एक वाक्य टाइप केलं आणि हात मांडीवर घेतले. अक्षरं मागून येत राहिली.

"बाकीच्या खिडक्या कुठं आहेत?"

"कोनत्या खिडक्या?"

"तीन असतील असं वाटलं होतं."

"येवढंच असते. त्याहीच्या पानावर आयका, त्याहीच्याच पानावर लिहा. तुले तीन कोनं सांगतल्या?"

"मीच सांगितल्या."

पडद्यावरच्या शब्दातलं गळालेलं अक्षर तिनं घातलं. मग म्हणाली, "दुकानात गेला, अकोल्याले फोन लावला. मी अठीच होती. पाच पावलांवर. मले काहून नाई इचारलं?"

बातमीच्या भाषेत सांगायचं तर दोन ठिकाणांहून खातरजमा केली होती आणि घटनास्थळी गेलो नव्हतो. घटनास्थळ माझ्या घरात होतं. ऑपरेटरनी विचारलेला एकमेव महत्त्वाचा प्रश्न, त्याचं उत्तर मी अंदाजानं दिलं आणि त्या उत्तरावर त्यांचा सल्ला उभा राहिला.

तारा पुन्हा काढल्या, जुन्या संगणकाला लावल्या. तो निदान ओळखीचा होता, कुठं किती वेळ अडतो हे तिच्या बोटांना माहीत होतं. गुरुवार संपला तेव्हा दोन रेकॉर्डिंग झाली होती. पाच राहिली होती.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं किन्हीराजाहून मामा आले. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या वादाची त्यांची केस वाशीमच्या कोर्टात आहे. तारीख असली की आधी आमच्याकडे चहा होतो. जय भीम झाला, पिशवी खाली ठेवली, आणि टेबलाच्या कडेला सारून ठेवलेल्या छोट्या डब्याकडे ते बघत राहिले.

"हा काय, जेवनाचा टिपन हाये?"

"संगणक आहे," मी म्हणालो. "चार कोरचा. जुना दोनचा होता."

"मंग नवा सोडून पोरगी जुन्यावर काहून बसली?"

आईनं सगळं सांगितलं. तिच्या सांगण्यात खिडक्यांचा आकडा मी ठरवला होता हे दोन वेळा आलं. मामांनी बशीतला चहा संपवला.

"म्हंजे चारदाती पाहून बैल आनला तू."

"तसंच म्हणा."

"जुंपून पाह्यला?"

"नाही."

"भाचेबुवा, दातानं वय समजते. वखराले लावला अन् बसला खाली, तं मंग दात मोजत बसशीन काय वावरात?"

आई हसली. ताईच्या कानांवर हेडफोन होता, तिला काही ऐकू गेलं नाही.

बैलबाजारातली पद्धत मामांनी मग नीट सांगितली. घेणारा आधी बैलाचे दात बघतो, ते फक्त वयासाठी. त्यानंतर एखाद्या गाडीची चाकं दोरानं बांधून टाकतात, गाडीत चार-सहा माणसं बसवतात आणि बैल जुंपतात. चाकं फिरत नाहीत, बैलाला गाडी ओढत न्यावी लागते. खाली बसला तर सौदा तिथंच मोडतो. आणि कासरा विकणाऱ्याच्या हातात ठेवत नाहीत. ज्याच्या वावरात बैल राबणार, तोच हाकतो.

"पोरीले दुकानात ने," मामा म्हणाले. "कासरा तिच्या हाती दे. तू बाजूले उभा राह्य अन् बोलू नको."

"तुमची तारीख?"

"पुकारा जेवनानंतर होते. मीबी येतो. तुह्यावर काय भरोसा."

आम्ही तिघं छोटा डबा घेऊन दुकानात गेलो. ताईनं हेडफोन आणि स्वतःचा कीबोर्ड बरोबर घेतला होता. दोन्ही संगणक शेजारी शेजारी लावून तिचं काम त्यांच्यावर करून बघायचं आहे, हे दुकानदाराला आधी पटलं नाही.

"बाई, हे दुकान हाये. अठी बसून कोनी हापिस नाई चालवत."

"बैल बाजारातच पाह्यतात राजा," मामा म्हणाले. "घरी नेला मंग तो आपला होते."

"काका, हा बैल नाई."

"तं मंग चारा नाई लागनार. भेव कायचं तुले?"

दुकानदारानं खुर्ची पुढे सरकवली. ताईनं तिच्या मोबाइलचं इंटरनेट दोन्हींना जोडलं आणि पाचवं रेकॉर्डिंग काढलं. सातांतलं सगळ्यात अवघड तेच, असं तिनं आधीच सांगितलं होतं. मळणीयंत्र चालू असताना एक माणूस बोलतो, भरभर, मध्येच दुसऱ्याला हाक मारतो आणि जिथं सोडलं तिथून पुन्हा धरतो.

"चाकं बांधली?" मामांनी विचारलं.

"बांधली," ताई म्हणाली आणि कानांवर हेडफोन चढवला.

आधी चार कोरचा. मी या वेळी पडदा दिसेल असा उभा होतो. दुसऱ्याच वाक्याला अक्षरं मागे पडली. चौथ्या वाक्याला तिनं हात मांडीवर घेतले आणि सहा शब्द तिच्याशिवाय येत राहिले. दुकानदार काउंटरमागून बाहेर आला.

मग दोन कोरचा, तो उंच आणि काळा. सुरू होताना त्याचा पंखा घरघरला आणि घरघरत राहिला.

"हा तं घोरते," मामा म्हणाले.

ताईनं तेच रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. माणूस बोलत होता, ती टाइप करत होती, शब्द उजवीकडच्या पट्टीत रंग घेत होते. ती अचानक थांबली. अक्षरंही थांबली. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा मध्येच थांबली. दर वेळी बोट उचललं की पडदा स्थिर. मळणीयंत्रावरच्या माणसानं हाक मारली तीही तिनं टाइप केली.

दुकानदारानं दोन्हींची माहिती पडद्यावर उघडली. छोट्याचे कोर चार होते, पण त्यातल्या एकेकाचा वेग मोठ्याच्या एका कोरच्या निम्म्याहूनही कमी होता. वीज कमी खाणारी ती चिप बिल फाडायच्या काउंटरसाठी ठीक होती. आमच्या घरचा जुना संगणक दोन कोरचा होता हे खरं, पण ते दोन फार जुने होते. या मोठ्यातले दोन वेगळे होते. ताईचं पान सगळं ओझं एकाच कोरवर टाकत होतं, तेव्हा किती आहेत यापेक्षा तो एक कसा आहे हे पाहायला हवं होतं. माझ्या वहीत ते लिहिलेलं होतं.

"लोक येतात, कोर किती थे इचारतात," दुकानदार म्हणाला. "म्या कोर सांगतो. काम कोनतं, हे आजवर कोनी सांगतलंच नाई."

"हे घोरनं कमी होते का?" ताईनं विचारलं.

"साफ करून देतो. बंद नाई होनार."

दुपारी मोठा संगणक घरी आला. घरघर हेडफोनमधून आत येत होती आणि वाक्याच्या शेवटी हळू झालेला शब्द तिला दोनदा ऐकावा लागत होता. आईनं जुन्या वाकळीची घडी दाराबाहेर टाकली. लांब तारा आणून संगणक त्या घडीवर, भिंतीपासून हातभर सोडून ठेवला. खोलीत फक्त पडदा आणि कीबोर्ड राहिला. मामांना कोर्टात पुढची तारीख मिळाली होती. संध्याकाळच्या एसटीआधी ते दाराबाहेरच्या संगणकाजवळ थोडा वेळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "कामाचा हाये. बांधला मातर बाहेर."

शनिवारी तिसरं, चौथं आणि पाचवं झालं. मी दाराजवळून दिवसभरात किती वेळा गेलो हे मोजलेलं नाही. ताईनं मोजलं होतं. जेवताना आईला तिनं सांगितलं, चौदा.

रविवारी अकराला लाइन गेली. ट्रान्सफॉर्मरचं काम निघालं होतं. मी चौकापर्यंत जाऊन लाइनमनला विचारून आलो, तासाभरात येईल म्हणाला. तासाभरानं पुन्हा गेलो. आणखी एक तास. परत आलो तेव्हा ताई ओट्यावर बसून मोबाइलवर सातवं रेकॉर्डिंग नुसतं ऐकत होती. टाइप नाही तर निदान कान तयार, असं तिचं म्हणणं. एक म्हातारी बोलत होती. तरुणपणी ती कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती. यंत्रांच्या आवाजात एकमेकींचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून बायकांनी हातांच्या खुणा ठरवल्या होत्या.

"दोन बोटं वर केले का चहा आला," ताईनं आईला करून दाखवलं. "मूठ छातीवर ठेवली का जीव दमला. अन् तयहात असा उलटा केला का मुकादम आला, कामाले लागा."

आईनं तळहात उलटा करून पाहिला. ताई हसली. त्या आठवड्यात ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली. लाइन दोन वाजता आली.

सहावं सगळ्यांत लांब निघालं, ते सोमवारी दुपारी पूर्ण झालं. सातवं तिनं तीनच्या पुढे सुरू केलं. साडेचारला ती बाहेर डोकावली आणि पुन्हा आत गेली. पाचला कंपनीचं पान बंद झालं. सहा रेकॉर्डिंग गेली होती, सातवं निम्म्याच्या थोडं पुढे होतं. तीन तास लाइनमुळे गेले. एक दिवस माझ्यामुळे गेला. त्या एका दिवसात सातवं झालं असतं का, हे मी ताईला विचारलं.

"झालं असतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. माहिती विचारली होती, तिनं दिली.

उत्तर यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत तिनं वाटाणे सोलले, शाळेचे जुने कागद लावले, दोनदा टेबल पुसलं. मी एका नगरपरिषदेच्या बैठकीची बातमी पाठवली आणि तीत अध्यक्षांचं पद चुकीचं लिहिलं. दुरुस्ती पाठवावी लागली.

बुधवारी दुपारी निरोप आला. सहाही रेकॉर्डिंगमधल्या चुका मर्यादेत होत्या. सात पूर्ण नसल्यानं कायमचं काम आत्ता देता येत नाही. महिनाभर काम देऊ, वेळा पाळल्या गेल्या तर पुढे ठरवू. सातवं रेकॉर्डिंग दुसऱ्या टायपिस्टकडे दिलेलं आहे, आपल्याकडची प्रत पुसून टाकावी.

ताईनं निरोप दोनदा वाचला आणि प्रत पुसली.

"म्हातारीचा शेवट राह्यला," ती म्हणाली. "ज्याले देल्लं त्याले जिनिंग, मुकादम समजलं म्हंजे बरं."

"महिना तर मिळाला," आई म्हणाली.

"महिना मियाला."

त्याच संध्याकाळी नवी रेकॉर्डिंग आली. ती आत जाऊन बसली. दाराबाहेर वाकळीवर संगणक घरघरत होता, आत कीबोर्डचा आवाज न थांबता चालला होता. मी बाहेरच्या खोलीत बसलो, उठलो, मोबाइल पाहिला, पुन्हा उठलो. महिना तीस दिवसांचा आहे की एकतीस, हे भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहून आलो. मग दारापर्यंत गेलो. या वेळी पडदा दिसेल इतका आत झुकलो.

ताईनं मागे वळून पाहिलं नाही. उजव्या हातानं टाइप करत तिनं डावा हात खांद्यावर उचलला आणि तळहात उलटा केला. स्वयंपाकघरातून आईला ते दिसलं असावं, कारण तिकडून हसण्याचा आवाज आला. मी दारातून मागे सरलो.